गणिताच्या ट्रेनिंगमध्ये गणित कधी सोडवणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलं गणितात मागे पडतायत अशी बातमी आली की दोन-चार दिवसांत त्यावर लेख येतो, आणि लेखाच्या शेवटी एक वाक्य ठरलेलंच असतं, की पाठांतर बंद करा, मुलांना समस्या सोडवायला देऊन गणित शिकवा आणि त्यासाठी शिक्षकांना प्रशिक्षण द्या. वाक्य बरोबरच आहे, त्याला कोण नाही म्हणणार. पण ते प्रशिक्षण म्हणजे नक्की काय, तीस-चाळीस शिक्षक एका हॉलमध्ये येऊन बसले की पहिल्या तासाला तिथे काय व्हायला पाहिजे, यावर कुणी काही लिहीत नाही. मी बरीच वर्षं गणित शिकवलंय, असली ट्रेनिंगं समोर बसून घेतली पण आहेत आणि फळ्यापाशी उभं राहून दिली पण आहेत, म्हणून हे जरा लांबलचक पत्र. माझं म्हणणं एकच आहे. ज्या ट्रेनिंगमध्ये शिक्षक स्वतः गणितात अडकत नाही, डोकं खाजवत नाही, ते ट्रेनिंग वाया गेलं असं समजा, मग प्रोजेक्टर कितीही भारी असू दे.

आत्ता होतं काय ते बघा. स्वागत होतं, प्रास्ताविक होतं, मग स्लाइड लागते ‘समस्या निराकरणाचे महत्त्व’. दुसऱ्या स्लाइडवर व्याख्या. तिसरीवर चार पायऱ्या: समस्या समजून घ्या, योजना आखा, योजना अंमलात आणा, मागे वळून तपासा. या पायऱ्या आल्या जॉर्ज पोल्या या गणितज्ञाकडून, बुडापेस्टचा माणूस, झुरिकला आणि नंतर स्टॅनफर्डला शिकवायचा, १९४५ साली त्याने त्या मांडल्या. पायऱ्या चांगल्याच आहेत हो, पण पोल्या शिक्षकांचे जे वर्ग घ्यायचा त्यात तो शिक्षकांना गणितं सोडवायला बसवायचा, ते आपण सोयीस्कर विसरलो आणि पायऱ्यांचा तेवढा तक्ता उचलला. मग तो तक्ता वर्गात भिंतीवर लागतो, मुलं वहीत ‘पायरी १ : समजून घेणे’ असं हेडिंग घालून खाली ‘दिलेले’ आणि ‘काढायचे’ लिहितात, आणि परीक्षेत चक्क प्रश्न येतो, समस्या निराकरणाच्या पायऱ्या लिहा. म्हणजे पाठांतर घालवायला जे आणलं तेच पाठ करायला दिलं! यात शिक्षकाचा दोष मला दिसत नाही, त्याला जे जसं दिलं गेलं तसंच त्याने पुढे दिलं.

दुसरी एक गडबड म्हणजे समस्या म्हणून जे दिलं जातं ते बहुतेक वेळा साधं सरावाचं उदाहरणच असतं, फक्त त्याला दोन वाक्यांची गोष्ट चिकटवलेली असते. रीत आधीच माहीत असेल तर ते सोडवणं म्हणजे सराव, त्याची पण गरज असते, पण त्यात शोधायला काही नसतं. धड्याचं नाव लसावि आणि खालची दहाही उदाहरणं लसाविची, मग मुलाने प्रश्न वाचायचाच कशाला, आकडे उचलायचे आणि लसावि काढायचा. तेच उदाहरण दोन महिन्यांनी धड्याचं नाव न सांगता दिलं की अर्धा वर्ग विचारतो ‘सर, गुणायचं का भागायचं?’ हा प्रश्न ज्याने वर्गात ऐकला नाही असा गणिताचा शिक्षक मला तरी अजून भेटलेला नाही.

तर मग करायचं काय. एक नमुना देतो, कुठल्याही हॉलमध्ये कुठल्याही शिक्षकांबरोबर करता येतो, खडू सोडून काही लागत नाही. फळ्यावर एवढंच लिहायचं:

९ = ४ + ५
९ = २ + ३ + ४

म्हणजे ९ ही एकापाठोपाठ येणाऱ्या संख्यांची बेरीज म्हणून दोन प्रकारे लिहिता येते (१, २, ३ अशा मोजायच्या संख्या घ्यायच्या, कमीत कमी दोन). कुठल्या कुठल्या संख्या अशा लिहिता येतात, कुठल्या येत नाहीत, आणि का? बस. यापुढे ट्रेनरने गप्प बसायचं.

पहिल्या पाच मिनिटांत सगळे खूश असतात कारण विषम संख्या लगेच होतात, ७ म्हणजे ३ + ४, ११ म्हणजे ५ + ६, एक सोडून कुठलीही घ्या. मग समसंख्या येतात आणि आवाज जरा कमी होतो. ६ होतो, १ + २ + ३. १० होतो. १२ होतो, ३ + ४ + ५. पण ४ होत नाही, ८ होत नाही. कुणीतरी छातीठोक सांगतं ‘चारच्या पाढ्यातल्या होत नाहीत’, आणि मागच्या बाकावरून आवाज येतो, ‘अहो १२ आत्ताच झाला ना’. हे भांडण फार महत्त्वाचं आहे, ते होऊ द्यायचं. थोड्या वेळाने २, ४, ८, १६ अशी यादी कुणाच्या तरी वहीत दिसायला लागते आणि मग ‘झालं, दुपटीच्या संख्या होत नाहीत, मिळालं उत्तर, पुढचं घ्या सर’.

इथेच ट्रेनर कच्चा असेल तर शाबासकी देऊन पुढे जातो. खरं गणित इथून पुढे आहे. ६४ होत नाही हे कशावरून? करून बघितलं. आणि १०२४? तेवढं करून कोण बघणार! म्हणजे आता कारण शोधायला लागतं, आणि हॉलमध्ये खरी शांतता आता पसरते. कुणी एन गुणिले एन अधिक एक भागिले दोन हे सूत्र आठवून त्याला झोंबायला लागतं, कुणी वही हाताने झाकून बसतं, बरीच वर्षं शिकवलेली मंडळी शेजारच्या नवीन मॅडमच्या वहीत हळूच बघतात. मग कुणीतरी २ + ३ + ४ + ५ याच्याकडे बघता बघता टोकाच्या जोड्या लावतं, २ आणि ५ चे ७, ३ आणि ४ चे पण ७. किती संख्या घेतल्या ते सम असेल तर अशा जोड्या लागतात आणि प्रत्येक जोडीची बेरीज विषमच येते, कारण पहिली आणि शेवटची यांतली एक सम आणि एक विषम असते. आणि किती संख्या घेतल्या ते विषम असेल तर मधली संख्या गुणिले तेवढ्या संख्या, ४ + ५ + ६ म्हणजे तीन वेळा ५. म्हणजे काहीही करा, बेरजेला एक पेक्षा मोठा विषम विभाजक असतोच, आणि २, ४, ८, १६ यांना तो नसतो. संपलं, १०२४ करून बघायची गरजच नाही.

उलट बाजू अजून मजेशीर आहे. १४ ला ७ ने भाग जातो, १४ म्हणजे सात वेळा २, तर २ च्या दोन्ही बाजूंना मिळून सात संख्या मांडा: −१, ०, १, २, ३, ४, ५. त्यातले −१ आणि १ एकमेकांना खातात, शून्य असून नसून सारखा, उरलं काय तर २ + ३ + ४ + ५. हे फळ्यावर झालं की मोठी मोठी माणसं बाकावर हात आपटतात, मी बघितलंय. आणि घरी जाताना एक पुडी बरोबर द्यायची: १५ तीन प्रकारे लिहिता येतो, ७ + ८, ४ + ५ + ६ आणि १ + २ + ३ + ४ + ५, आणि १५ चे एक सोडून विषम विभाजक पण तीनच, ३, ५ आणि १५. हा योगायोग आहे का? याचं उत्तर दिवसभरात द्यायचं नाही.

याला दीड-दोन तास जातात. आयोजकांना धडकी भरते, कारण टाइमटेबलमध्ये त्या वेळात चार सेशन बसली असती. पण या दोन तासांत शिक्षकाला जे कळतं ते स्लाइडवर लिहिता येत नाही: अडकल्यावर कसं वाटतं, शेजाऱ्याला आलं आणि आपल्याला नाही आलं की पोटात कसं गोळा येतं, आणि कुणी उत्तर सांगून टाकलं तर कसा राग येतो. मुलांचं रोज हेच होत असतं, आपण ते विसरलेलो असतो कारण आपल्याला त्या इयत्तेचं सगळं केव्हाच येऊन गेलेलं असतं.

आणि मग त्यावर बोलायचं. तुम्ही अडकला होतात तेव्हा मी काय विचारलं? त्यातलं काय कामाला आलं? ‘लहान संख्या घेऊन बघा’, ‘झालेल्या आणि न झालेल्या वेगळ्या लिहा’, ‘हे नेहमीच होईल का’ हे प्रश्न दार उघडतात आणि काम तुमच्याकडेच ठेवतात. ‘विषम विभाजक बघा’ असं मी म्हटलं असतं तर गणित तिथेच मेलं असतं, तुम्ही फक्त माझी आज्ञा पाळली असती. कुठला इशारा किती द्यायचा हे या सगळ्या प्रकारातलं सर्वात अवघड कसब आहे आणि ते व्याख्यान ऐकून येत नाही.

गप्प बसणं पण शिकायला लागतं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी विज्ञानाचे तास टेप करून मोजलं होतं, १९७० च्या दशकात, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर किती थांबतो, तर साधारण एक सेकंद! तेवढ्यात उत्तर नाही आलं की दुसऱ्याला विचार नाहीतर स्वतःच सांगून टाक. तोच वेळ तीन सेकंदांच्या वर नेला की मुलांची उत्तरं लांब व्हायला लागली, ‘माहीत नाही’ म्हणणं कमी झालं, मुलं आपणहून बोलायला लागली. तीन सेकंद म्हणजे काही मोठा त्याग नाही, पण वर्गासमोर उभं राहून करून बघा, तीन सेकंद युगासारखे वाटतात. ट्रेनिंगमध्ये जोड्या करून याचा सराव घेता येतो, एकाने शिकवायचं, दुसऱ्याने घड्याळ बघायचं. लोक हसतात सुरुवातीला, नंतर गंभीर होतात.

आता दुसरा मुद्दा, शिक्षकाच्या स्वतःच्या गणिताचा. हा जरा नाजूक आहे आणि म्हणून ट्रेनिंगमध्ये कुणी त्याला हात लावत नाही. पावणेदोन भागिले अर्धा याचं उत्तर काय? साडेतीन. उलटा करून गुणा, कुणालाही येईल. पण आता या भागाकारावर एक गोष्ट रचा, शाब्दिक उदाहरण बनवा. करून बघा हे वाचता वाचता. बऱ्याच जणांच्या तोंडून पहिलं येतं ते ‘पावणेदोन मीटर दोरी दोघांत सारखी वाटली’, पण तो झाला दोनने भागाकार, अर्ध्याने नाही! लिपिंग मा या संशोधक बाईंच्या १९९९ साली आलेल्या अभ्यासात हाच प्रश्न अमेरिकेतल्या २३ आणि चीनमधल्या ७२ प्राथमिक शिक्षकांपुढे ठेवलेला होता. २३ पैकी फक्त एकाला अर्थाने बरोबर बसेल अशी गोष्ट रचता आली, आणि ७२ पैकी ६५ जणांना. गंमत म्हणजे या चिनी शिक्षकांचं स्वतःचं शिक्षण अमेरिकन शिक्षकांपेक्षा कमी वर्षांचं होतं, डिग्र्यांनी ते पुढे नव्हते. पण तिकडे चीनमध्ये शाळेत गणिताचे शिक्षक एकत्र बसून पाठ्यपुस्तक खोदून काढतात, हे उदाहरण इथे का दिलंय, मुलं कुठे घसरतील, दुसऱ्या कुठल्या रीतीने होईल, यावर नेमाने बोलतात, आणि हे नोकरी लागल्यावर सुरू होतं आणि पुढे चालूच राहतं.

पावणेदोनचंच बघा किती खोल जातं. पावणेदोन मीटर दोरीचे अर्ध्या अर्ध्या मीटरचे तुकडे केले तर तीन तुकडे निघतात आणि पाव मीटर दोरी उरते. मुलगा म्हणणार, सर उत्तर तीन पूर्णांक एक चतुर्थांश यायला पाहिजे, पाव उरली ना! तो मूर्ख नाही, त्याने नीट बघितलंय. उरलेली दोरी पाव मीटरच आहे पण ती तुकड्याच्या मापाने अर्धा तुकडा आहे, आपण मीटर मोजत नव्हतो, तुकडे मोजत होतो. आणि दुसरी गोष्ट पूर्ण वेगळीच: अर्धं भांडं भरायला पावणेदोन लिटर पाणी लागलं तर पूर्ण भांड्यात किती मावेल? हा पण तोच भागाकार, उत्तर साडेतीनच, पण इथे तुकडे नाहीत, आणि अर्ध्याने भागायचं म्हणजे दुप्पट का होतं ते इथे लख्ख दिसतं. ज्या शिक्षकाकडे या दोन्ही गोष्टी तयार आहेत तो त्या मुलाशी बोलू शकतो, ज्याच्याकडे फक्त ‘उलटा करून गुणा’ आहे तो त्याला गप्प करणार, दुसरं काय करणार बिचारा. एका प्रशिक्षणात मी हा प्रश्न घेतला तेव्हा एक सर चहाच्या वेळी बाजूला घेऊन म्हणाले, ‘इतकी वर्षं शिकवतोय, पण हे असं कुणी मला विचारलंच नव्हतं’. त्यांच्या बोलण्यात चीड होती, आणि ती रास्तच होती.

तिसरी गोष्ट, मुलांच्या वह्या. ट्रेनिंगमध्ये शैक्षणिक साहित्य असतं, व्हिडिओ असतात, आता तर अॅप पण असतात, पण मुलाने खरंच काय लिहिलं ती वही कधी नसते. ५२ वजा २७ याचं उत्तर ३५ लिहिणारी मुलं प्रत्येक शाळेत सापडतात. ते काही हातून चुकून झालेलं नसतं, तो मुलगा प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतो, नियमाने, दरवेळी. त्याला परत दहा वजाबाक्या घातल्या की तो तोच नियम दहा वेळा पक्का करणार. ०.३५ हे ०.८ पेक्षा मोठं म्हणणारी मुलगी पण तशीच, ३५ मोठे की ८ मोठे? अशी वीस उत्तरं शिक्षकांसमोर ठेवायची आणि विचारायचं, याच्या डोक्यात कुठला नियम चालू असेल, आणि तो नियम जिथे फसेल असं कुठलं उदाहरण तुम्ही त्याला द्याल? हे एकदा जमायला लागलं की शिक्षक वही तपासतो ती वेगळ्या डोळ्यांनी.

आणि जिथे आकडेमोड बरोबर पण अर्थाशी फारकत झाली अशा वह्या तर सर्वात आधी बघाव्यात. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तेरा वर्षांच्या मुलांना एक प्रश्न दिला होता: एका बसमध्ये ३६ सैनिक मावतात, ११२८ सैनिकांना न्यायचंय, किती बस लागतील? भागाकार जवळजवळ ७० टक्के मुलांचा बरोबर होता. पण ३२ बस असं फक्त २३ टक्क्यांनी लिहिलं, २९ टक्क्यांनी लिहिलं ‘३१ बाकी १२’, आणि १८ टक्क्यांनी ३१, म्हणजे बारा सैनिक रस्त्यावर सोडले! त्याच सुमारास फ्रान्समध्ये ग्रनोबलला सात-आठ-नऊ वर्षांच्या मुलांना विचारलं, जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत तर कप्तानाचं वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांची काहीतरी खटपट करून वय काढून दिलं. ही मुलं घरी विचारलं असतं तर हसली असती. गणिताच्या तासाला मात्र त्यांना पक्कं माहीत होतं की दिलेले आकडे वापरायचेच असतात आणि उत्तर असतंच असतं. हे त्यांना कुणी शब्दांत शिकवलं नाही, आपल्या रोजच्या उदाहरणांनी शिकवलं.

आता कुणी म्हणेल, मग चांगले प्रश्नच पुस्तकात घाला, शिक्षकांना देऊन टाका, काम झालं. नाही होत. १९९९ साली सात देशांतल्या आठवीच्या गणिताच्या तासांचं व्हिडिओ शूटिंग करून मोठा अभ्यास झाला होता, त्यात दिसलं की अमेरिकेतल्या तासांमध्ये जोड लावायला लावणारे, विचार करायला लावणारे प्रश्न १७ टक्के होते, म्हणजे अगदीच नव्हते असं नाही. पण वर्गात ते प्रत्यक्ष सोडवताना जवळपास सगळेच्या सगळे सपाट झाले, शिक्षकाने रीत सांगून टाकली किंवा नुसतं उत्तर. हाँगकाँग आणि जपानमध्ये असे जवळजवळ निम्मे प्रश्न शेवटपर्यंत तसेच टिकले. म्हणजे प्रश्न चांगला असणं ही अर्धी गोष्ट झाली, तो वर्गात पाचव्या मिनिटाला जिवंत आहे का ते बघायचं. मुलं कुरकुरतात, वेळ जातो, मागून दंगा सुरू होतो, हेडसरांची चक्कर होते, आणि शिक्षक दयेपोटी म्हणतो बरं थांबा, मी पहिली ओळ लिहून देतो. ती पहिली ओळ म्हणजेच सगळं गणित असतं बऱ्याचदा.

आणि म्हणून दोन-तीन दिवसांचं ट्रेनिंग कितीही चांगलं झालं तरी पुरत नाही. जपानमध्ये शंभराहून जास्त वर्षं एक पद्धत चालत आलीये, तिथे तिला जुग्यो केनक्यू म्हणतात. चार-पाच शिक्षक मिळून एकच पाठ तयार करतात, महिना-महिना त्याच्यावर डोकं लावतात, मुख्य प्रश्नातले शब्द कुठले, आकडे कुठले घ्यायचे, मुलं काय काय उत्तरं देतील, चुकीची कुठली, आणि प्रत्येकाला आपण काय म्हणणार. मग त्यातला एक जण वर्गात शिकवतो आणि बाकीचे मागे आणि कडेला उभं राहून मुलांच्या वह्यांत बघत असतात, शिक्षकाकडे फारसं नाही. तास झाला की सगळे बसतात आणि चर्चा पाठाची होते, माणसाची नाही. फळा तास संपेपर्यंत पुसत नाहीत, मुख्य प्रश्न, मुलांनी केलेल्या तीन-चार वेगवेगळ्या रीती, निष्कर्ष, सगळं शेजारी शेजारी दिसत राहतं म्हणजे मुलांना रीतींची तुलना करता येते. मला यातलं सगळ्यात जास्त आवडतं ते आकड्यांवर तासभर वाद घालणं. १२ वजा ७ घ्यायचं का १३ वजा ९? बाहेरच्याला वाटेल काय वेडेपणा आहे. पण १३ वजा ९ मध्ये मुलाला दहातून नऊ काढून उरलेला एक तीनात मिळवणं सोपं जातं, १२ वजा ७ मध्ये कुणी सात हा दोन आणि पाच असा फोडेल आणि आधी दोन काढेल, म्हणजे आकडा बदलला की मुलाचा रस्ता बदलतो, आणि तुम्हाला आज कुठला रस्ता हवाय ते आधी ठरवायला लागतं.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल मी पाढ्यांच्या आणि सरावाच्या विरोधात आहे. अजिबात नाही. ज्याला ७ × ८ साठी बोटं मोजायला लागतात त्याचं डोकं तिथेच दमतं, पुढच्या विचाराला काही उरत नाही. आणि अगदी नवख्या मुलाला सगळंच स्वतः शोधायला लावणं हा पण एक अतिरेक आहे. स्वेलर आणि कूपर या संशोधकांनी १९८५ मध्ये बीजगणितावर केलेल्या प्रयोगांत दिसलं की नवीन शिकणाऱ्यांना सोडवून दाखवलेली उदाहरणं नीट अभ्यासायला दिली तर नुसतंच सोडवायला लावण्यापेक्षा ते कमी वेळात चांगलं शिकतात. उलट मनू कपूर या संशोधकाच्या कामात असंही दिसतं की आधी मुलांना झगडू दिलं, फसू दिलं आणि मग नीट समजावून सांगितलं तर समज जास्त खोल जाते. दोन्ही खरं आहे, कधी दाखवायचं आणि कधी झगडू द्यायचं हे ठरवणं म्हणजेच तर शिक्षकाचं काम. पण ट्रेनिंगमध्ये यातली एकच बाजू धर्मग्रंथासारखी सांगितली जाते, एका वर्षी ‘शिकवू नका, मुलांना शोधू द्या’, पुढच्या वेळी दुसराच कुणीतरी येऊन सांगतो ‘बेसिक पक्कं करा’, आणि शिक्षक दोन्हीला मान डोलावून वर्गात जाऊन पूर्वीसारखंच शिकवतो. त्याला मी दोष देणार नाही, मी पण त्याच्या जागी तेच करीन.

ट्रेनर कोण, हा अजून एक दुखरा विषय. जो स्वतः सध्या वर्गावर जात नाही, ज्याने आठवड्यात एकही नवीन गणित सोडवलेलं नाही, त्याने समस्या सोडवण्यावर दिवसभर बोलू नये असा साधा नियम करायला काय हरकत आहे. ट्रेनरला पण न येणारं गणित हॉलमध्ये निघू शकतं, आणि तेव्हा ‘मला आत्ता सुचत नाहीये, आपण मिळून बघू’ असं म्हणता येणं हेच त्या दिवसातलं सगळ्यात मोठं प्रात्यक्षिक असतं. फीडबॅक फॉर्मवर ‘सत्र उपयुक्त वाटले : होय’ यावर टिक करून काही कळत नाही. चार-सहा महिन्यांनी त्या शिक्षकाच्या तासाला जाऊन मागे बसावं आणि एवढंच बघावं की मुलं किती वेळ बोलली आणि कशाबद्दल.

शेवटी परीक्षा. पोर्शन आणि पेपर यांच्यापुढे सगळं आडवं होतं हे खरं आहे, आणि जोपर्यंत पेपरात रीतीच्या ओळींना मार्क आहेत तोपर्यंत शिक्षक रीतच घोकून घेणार. म्हणून पेपर तपासण्याचं पण ट्रेनिंग द्या. एकच प्रश्न घ्या, धड्याचं लेबल नसलेला, त्याच्या मुलांनी लिहिलेल्या सहा वेगवेगळ्या उत्तरपत्रिका घ्या: एकाने समीकरण मांडलंय, एकाने चित्र काढलंय, एकाने अंदाज करत करत गाठलंय, एकाचा विचार अचूक पण शेवटी बेरीज चुकलीये, एकाचं उत्तर बरोबर पण कारण चुकीचं, आणि एकाने नुसतंच उत्तर लिहिलंय. सगळ्या शिक्षकांनी आपापले मार्क द्यायचे, एकमेकांना न दाखवता, आणि मग फळ्यावर सगळ्यांचे मार्क शेजारी शेजारी लिहायचे. चित्रवाल्याला कुणी पाचापैकी एक देतं, कुणी पाच देतं, आणि मग जो वाद सुरू होतो त्यात गणितात कशाला किंमत द्यायची हे सगळं बाहेर येतं. अर्धा दिवस लागतो याला, सहा झेरॉक्स पुरतात, आणि प्रोजेक्टर बंद ठेवता येतो.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक